सत्तर चौरस फुटांचा व्यायाम

घरात व्यायामाचे यंत्र घ्यावे की नाही, या प्रश्नाचे पहिले उत्तर डोंबिवलीजवळच्या कोपरमध्ये तरी डॉक्टरकडे नसते, मोजपट्टीकडे असते. घरगुती ट्रेडमिल साधारण पावणेदोन मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद. सोबतच्या पुस्तिकेत बहुधा लिहिलेले असते की मागे दोन मीटर आणि दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर जागा मोकळी सोडा. ही अट शोभेची नाही. चालताना पाय घसरला की पट्टा माणसाला मागे फेकतो. मागे कपाट किंवा भिंत असली तर माणूस तिला अडून पट्ट्यावरच पडून राहतो आणि पट्टा कातडी सोलत राहतो. आता गुणाकार करा : पावणेचार मीटर गुणिले पावणेदोन मीटर, म्हणजे साडेसहा चौरस मीटर, म्हणजे सत्तर चौरस फूट. चारशे फुटांच्या वन बीएचकेचा सहावा हिस्सा आणि वर थोडे. कोपर-डोंबिवलीत फुटाचा भाव काय चालला आहे हे शाळकरी पोरालाही पाठ असते. त्याने तो सत्तरने गुणला की कळते, दुकानदार सांगतो ती यंत्राची किंमत या व्यवहारातली किरकोळ रक्कम आहे.

‘मग फोल्डिंगची घ्या’ हे यावरचे ठरलेले उत्तर. यंत्राची घडी होते, हे खरे. व्यायाम मात्र घडी उलगडल्यावरच करावा लागतो. रोज सकाळी टीपॉय उचला, दिवाण सरकवा, खाली झोपलेल्याला उठवा, मग साठ-सत्तर किलोचे धूड आडवे करा, हे पहिले काही आठवडे होते. पुढे यंत्र कायमचे आडवे पडते, पाठ भिंतीला लावून, आणि सुरक्षिततेचा पहिला नियम तिथेच मोडतो. यंत्र चांगले की वाईट हे कारखान्यात थोडे आणि घरात जास्त ठरते, असे माझे मत आहे. या विषयातला बहुतेक पुरावाही त्याच बाजूचा आहे.

मागणी मात्र खोटी नाही. कोपर हे दिवा आणि डोंबिवली यांच्यामधले स्टेशन. खालून मध्य रेल्वेची मुख्य लाइन, वरून वसई-दिवा लाइन आडवी जाते. पश्चिमेला कोपर गाव, जुनी डोंबिवली आणि पलीकडे खाडी, पूर्वेला आयरे. इथला नोकरदार सकाळच्या गाडीला निघतो तो रात्रीच परततो. डॉक्टर सांगतात, ‘रोज अर्धा तास चाला.’ चालायचे कुठे? भागशाळा मैदान डोंबिवली पश्चिमेला, सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडासंकुल पार पूर्वेला. मधल्या रस्त्यांवर पदपथ असेल तर त्यावर टपरी असते, टपरी नसेल तर दुचाकी. जून ते सप्टेंबर पावसाचे. आणि ज्या बाईला स्वयंपाक, डबे, मुलांचा अभ्यास आटपून रात्री साडेनऊला स्वतःसाठी अर्धा तास मिळतो, तिने तो अंधाऱ्या रस्त्यावर घालवावा हे सांगायला कोणाची जीभ रेटणार? घरात चालता आले तर बरे, असे तिला वाटले तर तो आळस नव्हे.

आकडे तिच्याच बाजूने बोलतात. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस अशी : प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम करावेत किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराचे, शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद लावायला लावणारा व्यायाम. पासष्टीपुढच्यांनी तोल सांभाळण्याचाही सराव तीन दिवस करावा. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या पाहणीनुसार भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ यात कमी पडतात. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, बायकांत ५७ टक्के.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपल्या दोघांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाटा जिथे दोघांनाही ‘ठीक’ म्हणतो तिथे मराठी अंगात स्नायू कमी आणि चरबी दुपटीहून जास्त निघते. व्यायामाच्या यंत्रांची सगळी जाहिरात वजन उतरवण्याभोवती फिरते. आपल्याला तितकीच गरज स्नायू वाढवण्याची आहे, आणि ते काम ट्रेडमिल फारसे करत नाही. हा मुद्दा दुकानात कोणी काढत नाही, कारण डंबेलच्या जोडीत नफा कमी.

घरी मागवायच्या यंत्रांचे वेड आजचे नाही. युजेन सँडो हा जगप्रसिद्ध पहिलवान १९०४-०५ च्या सुमारास भारतात खेळ करून गेला. आपल्या बिनबाह्यांच्या बनियनला आजही त्याचेच नाव आहे. भिंतीला अडकवून ओढायच्या रबरी पट्ट्यांचे ‘डेव्हलपर’, स्प्रिंग बसवलेले डंबेल आणि सोबत तक्ता-पुस्तक असा माल तो टपालाने विकायचा. त्याच्या मराठी गिऱ्हाइकांत औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी होते. त्यांनी १८९७ मध्ये सँडोची उपकरणे आणि पुस्तके मागवली आणि सुमारे दहा वर्षे तो व्यायाम नेमाने केला. पुढे मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले, ते कायमचे. संस्थानातल्या शाळांत त्यांनी नमस्कार सुरू केले, आणि १९३८ मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले तेव्हा साहेबही नमस्कार घालू लागला. वाड्यात जागेची ददात नसलेल्या राजाने यंत्र सोडून सतरंजीएवढी जागा पत्करली, ही गोष्ट यंत्रविरोधक आवडीने सांगतात. पण तिची दुसरी बाजूही आहे : त्यांनी ते यंत्र दहा वर्षे वापरले. नेम यंत्रातून आलेला नव्हता. तो त्यांच्यापाशी होता, म्हणून यंत्रही चालले आणि यंत्राविनाही भागले.

मधल्या शंभर वर्षांत विक्रेत्याचा आवाज बदलला, माल तोच राहिला. दोन हजार सालानंतर दुपारी टीव्ही लावला की ‘मॉर्निंग वॉकर’ दिसायचा. आडवे पडून घोटे त्यावर ठेवायचे आणि यंत्राने पाय हलवायचे. मग पोटाला बांधायचा सोना बेल्ट, मग ऑर्बिट्रेक. पडून राहिल्यावर पाय यंत्राने हलवले तर ऊर्जा महावितरणची खर्च होते, आपली नव्हे, एवढा विचार करायला पदार्थविज्ञानाची पदवी लागत नाही. तरी माल खपला. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००२ मध्ये विजेचे झटके देऊन पोट सपाट करणाऱ्या पट्ट्यांच्या विक्रेत्यांवर खोट्या दाव्यांबद्दल कारवाई केली. २०१२ मध्ये ‘अ‍ॅब सर्कल प्रो’च्या प्रकरणात गिऱ्हाइकांना परतावा देण्याचा समझोता झाला. तिथला दावा होता, दिवसाला तीन मिनिटांत पोट जाईल. पोटाचे व्यायाम केल्याने पोटाची चरबी वेगळी अशी उतरत नाही, हे अनेकदा तपासले गेले आहे. २०११ मधल्या एका छोट्या अभ्यासात २४ जणांपैकी एका गटाने सहा आठवडे पोटाचे व्यायाम केले. ताकद वाढली, चरबी होती तिथेच राहिली. सोना बेल्ट बांधून घाम येतो, वजनही पाव किलो उतरते. ते पाणी असते आणि पहिल्या तांब्याबरोबर परत येते.

मग खऱ्या यंत्रांचा उपयोग होतो का? होतो. १९९९ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेला एक अभ्यास इथे फार कामाचा आहे. बैठी कामे करणाऱ्या, वजन जास्त असलेल्या १४८ बायकांचे तीन गट केले आणि त्यांना १८ महिने पाहिले. एका गटाने एका दमात लांब व्यायाम करायचा, दुसऱ्याने दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाडून, तिसऱ्याने तुकड्यांतच करायचा पण घरी दिलेल्या ट्रेडमिलवर. शेवटी यंत्रवाल्या गटाचे वजन सरासरी ७.४ किलो उतरलेले होते, बिनयंत्राच्या तुकडेवाल्या गटाचे ३.७ आणि एका दमात करणाऱ्यांचे ५.८ किलो. यंत्र हाताशी असले की तुकड्यातला व्यायाम टिकतो, असा याचा अर्थ. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता दहा मिनिटे चालून घेता येते, हे कोपरच्या गृहिणीला सांगायला नको. पण याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जाहिरातीत येत नाही : या बायकांना आहाराचे मार्गदर्शन होते, गटाच्या बैठका होत्या, कोणीतरी हजेरी विचारणारे होते. ट्रेडमिलच्या खोक्यात ती माणसे येत नाहीत.

आणि पडद्यावरच्या कॅलरींवर कोणी जाऊ नये. सत्तर किलोचा माणूस ताशी पाच किलोमीटरने अर्धा तास चालला तर सुमारे १२० कॅलरी खर्च होतात. त्यातल्या तीसेक तो खुर्चीत बसूनही खर्चणारच होता. एका वडापावात तीनशेच्या आसपास कॅलरी असतात. यंत्र हा हिशेब सरासरीने करते. तुम्ही दांडीवर वजन टाकून चालत असाल, तर पायांवरचा भार कमी झाला हे त्याला समजत नाही, आकडा पळतच राहतो. खरे तर कॅलरी ही मोजायची चीजच नव्हे. चार मजले चढायला जेमतेम दहा कॅलरी लागतात, पण हृदय आणि मांड्या त्या मिनिटभरात जे काम करतात त्याची किंमत वेगळी आहे. ब्रिटनमधल्या पंचवीस हजारांवर व्यायाम न करणाऱ्या लोकांच्या नोंदींवरून २०२२ मध्ये दिसले की दिवसातून तीनेकदा एक-दोन मिनिटे दम लागेल अशी धावपळ करणाऱ्यांत हृदयविकाराने मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्मे होते. हे निरीक्षण आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. तरी कोपर स्टेशनचा जिना सरकत्या जिन्याची वाट न पाहता चढणाऱ्याने थोडे समाधान मानायला हरकत नाही.

आता धोक्यांकडे. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण विक्रीच्या वेळी यावर कोणी बोलत नाही.

सगळ्यांत वाईट अपघात वापरणाऱ्याला होत नाहीत, लहान मुलांना होतात. अमेरिकेत पेलोटॉन कंपनीच्या ‘ट्रेड प्लस’ या ट्रेडमिलखाली मुले, पाळीव प्राणी, वस्तू ओढल्या गेल्याच्या सत्तरहून अधिक तक्रारी आल्या. एका बालकाचा जीव गेला. ग्राहक सुरक्षा आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये इशारा दिला तेव्हा कंपनीने आधी हात झटकले. मे महिन्यात सुमारे सव्वा लाख यंत्रे परत घ्यावी लागली आणि जानेवारी २०२३ मध्ये १.९ कोटी डॉलरचा दंड बसला. मुष्टियोद्धा माइक टायसनची चार वर्षांची मुलगी २००९ मध्ये घरच्या ट्रेडमिलला लोंबणाऱ्या दोरीत मान अडकून गेली. यंत्र तेव्हा चालू असण्याचीही गरज नव्हती. याहून कमी गाजलेली पण कितीतरी जास्त घडणारी इजा म्हणजे तळहाताची भाजणी. आई चालत असते, रांगणारे मूल मागून येते, फिरत्या पट्ट्याच्या शेवटाला हात लावते. पट्टा आणि खालचा भाग यांच्या फटीत हात सापडला की घर्षणाने कातडी जळते, कधी कंडरेपर्यंत, आणि मग त्वचारोपण करावे लागते. चालणाऱ्याचे तोंड पुढे, कानात गाणी. मागे काय चालले आहे हे कळायला वेळ लागतो. ऑस्ट्रेलियाने २००९ पासून प्रत्येक घरगुती ट्रेडमिलवर मुलांना दूर ठेवा असा ठळक इशारा लावणे सक्तीचे केले आहे.

आपल्या घरात हा इशारा पाळायचा कसा? वेगळी खोली नाही, दार लावायची सोय नाही, आणि मूल जिथे आई तिथे. म्हणून माझे मत सरळ आहे : पाच वर्षांखालचे मूल असलेल्या वन बीएचकेत ट्रेडमिल आणू नये. आधीच असेल तर लाल दोरीची सुरक्षा-चावी वापरानंतर काढून कपाटावर ठेवावी, प्लग काढावा, आणि मूल झोपलेले असतानाच चालावे. ती चावी बहुतेक घरांत यंत्रालाच कायमची चिकटवलेली असते. तिचे दुसरे टोक कपड्याला अडकवायचे असते, म्हणजे पाय घसरला की चावी निघून पट्टा थांबतो, हे बसवायला आलेला माणूस सांगतो आणि आपण ऐकत नाही. सायकलही निर्धोक नाही. साखळी, चाकाचे आरे, एअर बाइकचा पंखा यांत बोटे जातात. स्पिन बाइकचे जड चाक पाय थांबवले तरी पेडल फिरवत राहते. तरी बंदिस्त चाकाची सायकल ट्रेडमिलपेक्षा पुष्कळ बरी, कारण माणूस थांबला की ती थांबते.

दुसरा धोका विजेचा. जुलै २०२३ मध्ये दिल्लीच्या रोहिणी भागातल्या एका व्यायामशाळेत चोवीस वर्षांच्या अभियंत्याचा ट्रेडमिलवर विजेचा धक्का बसून मृत्यू झाला. धातूचा सांगाडा, घामाने ओले अंग आणि अर्थिंग नसलेली जोडणी एकत्र आली की असे होते. खाडीकाठच्या दमट हवेत, जुन्या वायरिंगच्या इमारतीत, तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन अ‍ॅडॉप्टरने गायब करून यंत्र चालवणे म्हणजे त्याच दिशेने पाऊल. यंत्र घ्यायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे, १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट घ्यावा आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. तो गळती होताच क्षणात वीज तोडतो. एक्स्टेन्शन बोर्डवर ट्रेडमिल चालवू नये.

इथेच जाहिरातीतल्या अश्वशक्तीचा भोपळा फोडता येतो. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. सहा अँपिअरच्या साध्या प्लगमधून २३० व्होल्टला जास्तीत जास्त १३८० वॅट मिळतात, म्हणजे पावणेदोन एचपीच्या जरा वर. त्याच प्लगवर चालणाऱ्या यंत्राच्या खोक्यावर ‘४ एचपी’ छापलेले असेल तर तो ‘पीक’ आकडा आहे, क्षणभराचा. विचारायचा आकडा ‘कंटिन्युअस’, म्हणजे सतत देता येणारी शक्ती. दुकानदार त्यावर अडखळला तर निम्मे उत्तर मिळालेच.

तिसरा धोका छातीतला. बहुतेकांची ट्रेडमिलशी पहिली भेट ‘टीएमटी’ला होते. अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस यांनी बसवलेली ही चाचणी ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ अशी सुरू होते, आणि दर तीन मिनिटांनी वेग व चढ वाढतो. तिथे छातीला तारा असतात आणि डॉक्टर शेजारी उभे असतात. घरी दोन्ही नसतात. विनोदी कलाकार राजू श्रीवास्तव १० ऑगस्ट २०२२ रोजी दिल्लीत ट्रेडमिलवर चालताना कोसळले आणि २१ सप्टेंबरला गेले, तेव्हा आपल्याकडे बऱ्याच ट्रेडमिल आठवडाभर बंद राहिल्या असतील. ही भीती मापात हवी. अमेरिकी पुरुष डॉक्टरांच्या मोठ्या पाहणीत जोराच्या श्रमाच्या सुमारे पंधरा लाख वेळांमागे एक अचानक मृत्यू दिसला, आणि नेमाने व्यायाम करणाऱ्यांत धोका कमी होता. धोका आहे तो वर्षानुवर्षे बसून राहिलेल्या आणि नवे यंत्र आल्याच्या उत्साहात पहिल्याच दिवशी धावणाऱ्याला. चाळिशी ओलांडलेली, मधुमेह, रक्तदाब, घरात हृदयविकार, स्टेंट, यांतले काही असेल तर आधी डॉक्टर, मग दुकान. बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर नाडी फारशी वाढत नाही, मग पडद्यावरचा ‘हार्ट रेट’ पाहून मनुष्य स्वतःला उगाच पळवत राहतो. त्याने आपल्या बोलण्यावर लक्ष ठेवावे. वाक्य पुरे करता येत नसेल तर वेग कमी. मधुमेहात पायाची जाणीव कमी झालेल्यांनी अनवाणी कधीच चढू नये. इन्शुलिन घेणाऱ्यांनी गोड काहीतरी हाताशी ठेवावे.

इमारतीचा प्रश्न लोक विचारतात, त्याचे उत्तर थोडक्यात. राहत्या घराच्या स्लॅबला दर चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार धरून आराखडा करण्याचा भारतीय प्रघात आहे. सत्तर किलोचे यंत्र आणि ऐंशी किलोचा माणूस सुस्थितीतल्या स्लॅबला जड नाही. प्रश्न सुस्थितीचा आहे. कल्याण पूर्वेत मंगलराघोनगरमधल्या सप्तशृंगी इमारतीत मे २०२५ मध्ये फरशीचे काम चालू असताना स्लॅब कोसळून सहा जण गेले. ज्या इमारतीच्या सळ्या दिसताहेत, जिचे नाव पालिकेच्या धोकादायक यादीत आहे, तिथे ट्रेडमिलवर धावणे किंवा वजनांचे ‘होम जिम’ आणणे हा विचारच नको. आणि बंद करून घेतलेल्या बाल्कनीत तर कुठल्याही इमारतीत नको. सुस्थितीतल्या इमारतीत भांडण होते ते खालच्या मजल्याशी. धावणाऱ्याचे प्रत्येक पाऊल खालच्या छतावर पडते, रबरी मॅट घातली तरी. पहाटे पाचचा नेम कितीही पुण्यप्रद असला तरी खालच्या आजोबांना तो तसा वाटत नाही.

मग घ्यावे काय? मोठे घर, मोठी मुले, चांगले अर्थिंग आणि आधीपासूनची चालण्याची सवय असेल तर ट्रेडमिल घ्यावी. पावसाळ्यात तुटणारा नेम ती जोडून ठेवते. सवय नसताना सवय लागावी म्हणून ट्रेडमिल घेणे हा महागडा जुगार आहे. गुडघे दुखणाऱ्या, तोल जाणाऱ्या वडीलधाऱ्यांना पाठीला टेका असलेली, बसून चालवायची सायकल. तिला ट्रेडमिलच्या मानाने जागा थोडी आणि पडण्याचा धोका जवळजवळ नाही. उभ्या सायकलची सीट मात्र नीट लावावी : पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. सीट खाली ठेवून महिनाभर चालवली की गुडघा दुखतो आणि दोष सायकलला येतो. क्रॉस-ट्रेनरवर गुडघ्याला हिसके बसत नाहीत, पण स्वस्तातले डुगडुगतात. उभे राहून हलवून पाहिल्याशिवाय घेऊ नये. दांडी नसलेले ‘वॉकिंग पॅड’ सध्या खूप दिसतात. ते तरुणांसाठी ठीक, साठीपुढच्यांसाठी नाही, कारण धरायला काही नसते. थरथरणाऱ्या पाट्यांनी चरबी जात नाही. पेसमेकर किंवा गर्भारपण असेल तर त्यांच्या वाटेलाच जाऊ नये.

पण बहुसंख्य घरांना मी डंबेलची जोडी, दोन-तीन रबरी बँड आणि एक सतरंजी सांगेन. याज्ञिकांच्या फोटोचे उत्तर या सामानात आहे. बँडला बारीक चिरा दिसल्या की टाकून द्यावा, कारण तुटलेला बँड थेट डोळ्यावर येतो. दाराच्या चौकटीत ताणून बसवायचा बार भाड्याच्या घरातल्या पोकळ चौकटीला लावू नये. ज्यांना माणसांत व्यायाम जमतो त्यांच्यासाठी व्यायामशाळा आहेतच, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तिथल्या फीवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे.

जुने यंत्र घेण्यात वावगे काही नाही. मार्च ते ऑक्टोबर २०२० महाराष्ट्रातल्या व्यायामशाळा बंद होत्या, तेव्हा घाईने घेतलेली यंत्रे पुढे निम्म्या भावात बाजारात आली. जुन्यात पाहायचे ते एवढे : चावी ओढताच पट्टा थांबतो का, चालू असताना मेन स्विच बंद करून पुन्हा लावल्यावर पट्टा आपोआप सुरू होत नाही ना, माणूस उभा असताना पट्टा अडखळतो का, घडीचा खटका घट्ट बसतो का. वीज येताच आपोआप फिरू लागणारे यंत्र फुकट मिळाले तरी घरात आणू नये. देखभालीत सिलिकॉन ऑइलला पर्याय नाही. पट्टा कोरडा पडला की मोटर जास्त करंट ओढते आणि मेकॅनिक येऊन ‘कार्ड जळलं’ म्हणतो. पावसाळ्यात यंत्रावर ओले कपडे वाळत घालणे हाही कार्ड जाळण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

कायदा ग्राहकाच्या बाजूला आहे, वापरला तर. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूने इजा झाली तर उत्पादकाकडून, काही परिस्थितीत विक्रेत्याकडूनही, भरपाई मागता येते. वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारे दिले नाहीत, एवढे कारणही उत्पादकाविरुद्ध चालते. तक्रार स्वतः राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे कोपरकराला ठाणे जिल्हा आयोग पुरे. मुदत दोन वर्षे. आधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करून पाहावा. असुरक्षित माल बाजारातून परत घ्यायला लावण्याचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आहे, पण त्यांच्यापर्यंत अपघात पोहोचायला हवेत, आणि आपल्याकडे भाजलेल्या तळहाताची नोंद ‘घरात पडून’ अशीच होते. म्हणून बिल, वॉरंटी कार्ड आणि यंत्रावरच्या पत्र्याचा, मॉडेल आणि अनुक्रमांक दिसेल असा, फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेवावा. विक्रेत्याला सुटायची वाटही त्याच कायद्यात आहे : ग्राहकाने वस्तूत फेरफार केला किंवा ती चुकीची वापरली असे त्याने दाखवले तर दावा अडतो. अ‍ॅडॉप्टर लावून घालवलेली अर्थची पिन त्याला तिथे आयती मिळते.